न दिसणे आणि नसणे

प्रोमिथिअस ही देखरेखीची प्रणाली माहिती येण्याची वाट पाहत बसत नाही. ठरावीक अंतराने ती प्रत्येक टार्गेटकडे स्वतः जाते आणि त्याची मोजमापे घेऊन येते. या फेरीला स्क्रेप म्हणतात. वेगळे काही सांगितले नाही तर दोन फेऱ्यांत एक मिनिटाचे अंतर असते. या प्रणालीचे काम २०१२ साली साउंडक्लाउड या कंपनीत सुरू झाले. २०१६ मध्ये क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनने कुबरनेटीसनंतरचा आपला दुसरा प्रकल्प म्हणून ती स्वीकारली. फेरीला निघण्यापूर्वी कुठे कुठे जायचे हे माहीत असावे लागते. साध्या मांडणीत ही यादी फाइलमध्ये हाताने लिहिलेली असते. कुबरनेटीस सांभाळत असलेल्या कंटेनरच्या क्लस्टरमध्ये अशी यादी तासाभरातही शिळी होऊ शकते, कारण एक पॉड, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट, मरतो आणि त्याच्या जागी दुसरा पॉड नव्या नावाने, नव्या आयपी पत्त्यावर, कदाचित वेगळ्याच नोडवर, म्हणजे यंत्रावर, उभा राहतो. म्हणून यादी लिहायचे सोडून क्लस्टरच्या एपीआय सर्व्हरलाच विचारायचे अशी सोय झाली. तिला सर्व्हिस डिस्कव्हरी म्हणतात. सोय मोठी आहे, पण तिच्या पोटात ज्ञानमीमांसेचा एक प्रश्न आहे: यादीच जर वास्तवाच्या मागोमाग बदलत असेल, तर वास्तवातून एखादी वस्तू गळाली हे कशाने कळावे?

आधी डिस्कव्हरीची घडण पाहावी लागते. काय शोधायचे हे ‘रोल’ ठरवतो: नोड, सर्व्हिस, पॉड, एंडपॉइंट्स, एंडपॉइंटस्लाइस किंवा इन्ग्रेस. त्यासाठी प्रोमिथिअस ज्या सर्व्हिस अकाउंटने चालते त्याला या वस्तू पाहण्याची, त्यांची यादी घेण्याची आणि त्यांच्यातल्या बदलांवर नजर ठेवण्याची परवानगी द्यावी लागते. सापडलेल्या प्रत्येक वस्तूबरोबर नेमस्पेस, पॉडचे नाव, त्याची लेबले, ॲनोटेशन्स अशी तात्पुरती माहिती येते आणि ती रीलेबलिंगच्या नियमांतून जाते. ‘कीप’ नियमाशी जुळेल ते राहते, ‘ड्रॉप’शी जुळेल ते जाते. शेवटी दोन अंडरस्कोअरने सुरू होणारी सगळी तात्पुरती लेबले पुसली जातात आणि उरते ते टार्गेट. स्क्रेप करायचे की नाही हे सांगणारे प्रसिद्ध ॲनोटेशन प्रोमिथिअसमध्ये अंगभूत आहे असा अनेकांचा समज असतो. तो केवळ संकेत आहे. त्याची दखल घेणारा नियम लिहिलेला नसेल तर ॲनोटेशन लावूनही काही होत नाही.

फेरी यशस्वी झाली की त्या टार्गेटच्या ‘अप’ या मालिकेत १ नोंदला जातो, फसली की ०. म्हणजे बंद पडलेले टार्गेट प्रणालीला नीट दिसते, पण ते यादीत असेल तरच. यादीतूनच गेलेल्या टार्गेटची ‘अप’ मालिका शून्यावर येत नाही, ती थांबते. २०१७ च्या दुसऱ्या प्रमुख आवृत्तीपासून मालिकेच्या टोकाला ‘ही आता शिळी’ अशी खूण टाकली जाते. त्याआधी शेवटचे मूल्य पाच मिनिटे रेंगाळत असे. शून्य हे विधान आहे. थांबलेली मालिका काहीच म्हणत नाही.

ही दोन स्थाने किती वेगळी आहेत हे भारतीय दर्शनांतील अभावाच्या वादामुळे स्पष्ट होते. जमिनीवर घट नाही, हे ज्ञान कशाने झाले? नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षाने: अभाव हा खरा पदार्थ आहे आणि तो जमिनीचे विशेषण म्हणून डोळ्यांनाच कळतो. सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्टांना हे पटत नाही. जे नाही त्याच्याशी इंद्रियाचा संबंध येणार कसा? म्हणून त्यांनी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र, सहावे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले आणि पुढे अद्वैत वेदान्तानेही ते स्वीकारले. मीमांसकांपैकीच प्रभाकरांनी वादाचे मूळच उपटले: घटाचा अभाव म्हणून वेगळे काही नसते, असते ती नुसती जमीन. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी अनुपलब्धी हा अनुमानाचा एक हेतू मानला, पण एक अट घालून. जी वस्तू तिथे असती तर नक्की दिसली असती, तिचे न दिसणेच तिचे नसणे सिद्ध करते. पिशाच दिसत नाही म्हणून ते नाही असे म्हणता येत नाही, कारण असते तरी ते दिसले नसते. भाट्ट आणि वेदान्ती परंपरेत हीच अट ‘योग्यानुपलब्धी’ या नावाने येते. बाकी बाबतींत एकमेकांचे वाभाडे काढणाऱ्या या मंडळींचे या अटीवर जवळजवळ एकमत आहे, आणि तिचे महत्त्व त्यावरून कळते.

कुबरनेटीसच्या डिस्कव्हरीची मांडणी म्हणजे या योग्यतेची मांडणी. परवानगी अपुरी असेल तर एपीआय सर्व्हर नकार देतो. लॉगमध्ये ओळ उमटते, पण यादी मात्र निमूटपणे रिकामी राहते. रीलेबलिंगमधली रेग्युलर एक्स्प्रेशन्स दोन्ही टोकांना घट्ट बांधलेली असतात, त्यामुळे ‘पेमेंट’साठी लिहिलेल्या ‘कीप’ नियमाला ‘पेमेंट-व्ही२’ जुळत नाही आणि आवृत्ती बदलली त्या दिवशी अख्खी सेवा नजरेआड होते. प्रोमिथिअस ऑपरेटर वापरला तर काय स्क्रेप करायचे हे सांगणारा सर्व्हिसमॉनिटर लिहायचा असतो. त्यात पोर्टचे नाव चुकले, किंवा ऑपरेटर ज्या लेबलने सर्व्हिसमॉनिटर निवडतो ते लेबलच त्याला लावले नाही, तर टार्गेट एकही मिळत नाही, आणि अलर्टही वाजत नाही. या प्रत्येक वेळी वस्तू पिशाचासारखी आहे: ती असली तरी दिसणार नाही. तिच्या न दिसण्यावरून कसलाच निष्कर्ष निघत नाही. प्रोमिथिअसच्या सर्व्हिस डिस्कव्हरीच्या पानावर नियमांनी गाळलेली टार्गेटेही दाखवलेली असतात. योग्यता तपासायची ती तिथे, आणि फार थोडे लोक ते पान उघडतात.

प्रोमिथिअसची क्वेरीभाषा स्वभावाने प्रभाकरांच्या बाजूची आहे. जी मालिका नाही तिच्याविषयी विचारले तर उत्तर शून्य येत नाही, असत्यही येत नाही. रिकामा संच येतो, म्हणजे नुसती जमीन. ‘अप’ची बेरीज एकापेक्षा कमी झाली तर अलर्ट द्या, हा नियम सुज्ञ वाटतो. सगळी टार्गेटे एकदम यादीतून गेली तर बेरीज करायलाच काही उरत नाही, तुलना रिकामी ठरते आणि अलर्ट गप्प राहतो. सगळ्यात मोठ्या अपघातात सगळ्यात जास्त शांतता, असा हा उलटा न्याय आहे.

ही अडचण ओळखून भाषेत ‘ॲब्सेंट’ हे फंक्शन ठेवलेले आहे. दिलेल्या वर्णनाची एकही मालिका नसेल तर ते १ हे मूल्य देते. येथे नैयायिकांचा आग्रह उपयोगी पडतो. अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, आणि प्रतियोगीचे ज्ञान असल्याशिवाय अभावाचे ज्ञान होत नाही. ‘ॲब्सेंट’ला प्रतियोगी नावानिशी सांगावा लागतो. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशांपासून बहरलेल्या नव्यन्यायाने त्यापुढचे सूक्ष्म काम केले: प्रतियोगी कोणत्या धर्माने मर्यादित आहे, त्याचा अवच्छेदक कोणता, हे सांगितल्याशिवाय अभाव निश्चित होत नाही. निळ्या घटाचा अभाव आणि घटमात्राचा अभाव वेगळे. हा भेद शुष्क पांडित्य वाटू शकतो, पण देखरेखीत तो थेट नडतो. तीन सेवांची नावे ‘किंवा’ने जोडून एकच ‘ॲब्सेंट’ लिहिला, तर तिन्ही नाहीशा झाल्यावरच तो १ देतो. दोन गेल्या आणि एक उरली तर सामान्य अभाव सिद्ध होत नाही आणि विशेष अभाव कुणी विचारलेलाच नसतो. तीन सेवांसाठी तीन नियम हवेत.

सतराव्या शतकातील अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त अभावाचे चार प्रकार दिले आहेत. पॉडच्या आयुष्याला ते बऱ्यापैकी लागू पडतात, म्हणून प्राचीनांना कंटेनर ठाऊक होते असे मात्र कुणी म्हणू नये. उत्पत्तीपूर्वीचा तो प्रागभाव: पॉड ताटकळलेला आहे, त्याला आयपी पत्ता मिळालेला नाही, आणि पत्ता नसलेल्या पॉडचे टार्गेट डिस्कव्हरी बनवतच नाही. नोडवर जागा नाही म्हणून तासभर अडकलेला पॉड ‘अप’च्या हिशेबात जन्मलेलाच नसतो. नाशानंतरचा तो प्रध्वंसाभाव; त्याची निदान शिळेपणाची खूण तरी राहते. अत्यंताभाव सर्वांत फसवा. जी सेवा निवडीच्या नियमात कधी बसलीच नाही, तिची मालिका ना सुरू झाली ना संपली, आणि इतिहास चाळूनही तिचा पत्ता लागत नाही. अन्योन्याभाव, म्हणजे ‘हा तो नव्हे’, वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. नवा पॉड जुन्याच्या जागी आला की त्याचे पॉड आणि इन्स्टन्स लेबल वेगळे, म्हणून मालिकाही वेगळी. सेवा तीच आहे हे जॉब किंवा सर्व्हिस लेबल सांगते. कोणते लेबल ठेवायचे आणि कोणते गाळायचे हे ठरवताना ‘तेच’ म्हणजे काय हेही ठरत असते. अलर्ट पॉडच्या नावावर बांधला तर प्रत्येक डिप्लॉयमेंटनंतर तो मेलेल्या पॉडांचा शोक करत बसेल.

मग अपेक्षेचे मूळ कुठे शोधायचे? प्रत्येक प्रतियोगी हाताने लिहायचा तर डिस्कव्हरीने वाचवलेले कष्ट परत येतात. यावर चांगला उपाय म्हणजे दुसरा साक्षी. क्लस्टरमध्ये काय असायला हवे हे डिप्लॉयमेंट या वस्तूत आधीच लिहिलेले असते. क्यूब-स्टेट-मेट्रिक्स हा घटक एपीआय सर्व्हरकडून ते वाचतो आणि मागितलेल्या प्रती किती, उपलब्ध किती, ताटकळलेले पॉड कोणते, हे मोजमापांच्या रूपात मांडतो. जो पॉड तिथे नोंदलेला आहे पण ज्याची ‘अप’ मालिका नाही, तो ‘अनलेस’ या क्रियेने वेगळा काढता येतो. प्रागभाव आणि बराचसा अत्यंताभाव येथे पकडीत येतो, कारण निवडीचे नियम आणि अपेक्षेची नोंद या दोन वाटांनी येतात. अर्थात अपेक्षेच्या या नोंदीलाही काही गाळणी लागते: ज्या पॉडकडून मोजमापाची अपेक्षाच नाही तोही अशा वजाबाकीत उरतो. शिवाय डिप्लॉयमेंटच कुणी पुसून टाकले तर दोन्ही साक्षी एका सुरात गप्प होतात. म्हणून मोजक्या, खरोखर महत्त्वाच्या सेवांसाठी हाताने लिहिलेले ‘ॲब्सेंट’ नियम शहाणी टीम ठेवतेच.

कुमारिलांच्या मताविरुद्ध एक आक्षेप असा घेतला जाई: अनुपलब्धी म्हणजे उपलब्धीचा अभाव, मग हा अभाव कळायला दुसरी अनुपलब्धी, तिच्यासाठी तिसरी, अशी अनवस्था होणार. भाट्टांचे उत्तर असे की अनुपलब्धी स्वतः कळावी लागत नाही, ती नुसती असल्यानेच काम करते. माणसाच्या बाबतीत हे पटते. सकाळी एखाद्या घरी जाऊन आलेल्या माणसाला दुपारी विचारले, ‘तिथे अमका होता का?’, तर तो आठवून ‘नव्हता’ म्हणतो. त्या क्षणी ते घर त्याच्या डोळ्यांसमोरही नसते. प्रोमिथिअसच्या साठ्यालाही मागे जाऊन असे विचारता येते. पण विचारणारा कुणी हवा. यंत्रात मौन आपोआप काम करत नाही. ते तपासणारा नियम चालू असावा लागतो, आणि नियम चालवणारे प्रोमिथिअसही जिवंत असावे लागते. भाट्टांनी टाळलेली अनवस्था येथे पुन्हा दारात उभी राहते: क्यूब-स्टेट-मेट्रिक्सवर प्रोमिथिअसची नजर, पण प्रोमिथिअसवर कुणाची?

याच प्रश्नावर मीमांसक आणि नैयायिक प्रामाण्याच्या वादात वेगळ्या शब्दांत भांडले. ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधक येईपर्यंत ते खरे मानावे, हा मीमांसकांचा स्वतःप्रामाण्यवाद. ज्ञानाचा खरेपणा बाहेरून, त्यावर विसंबून केलेली कृती सफल होते की नाही यावरून ठरतो, हा नैयायिकांचा परतःप्रामाण्यवाद. शांत डॅशबोर्डवर विसंबून काम करणारा मनुष्य बहुतेक दिवस मीमांसक असतो, आणि त्याला पर्यायही नसतो. प्रचलित व्यवस्था मात्र एका ठिकाणी नैयायिकांची बाजू घेते. वॉचडॉग नावाचा एक अलर्ट मुद्दाम असा लिहिलेला असतो की तो कायम वाजत राहावा. तो अलर्ट पुढे पोचवणाऱ्या अलर्टमॅनेजरमार्गे क्लस्टरबाहेरच्या एखाद्या सेवेकडे ठरल्या वेळी पोचत राहतो, आणि पोचेनासा झाला की ती बाहेरची सेवा माणसाला उठवते. येथे प्रतियोगी एकच आहे, तो नावाने माहीत आहे, आणि सगळे ठीक असते तर तो आलाच असता याची खात्री आहे. म्हणजे योग्यतेची अट पूर्ण झाली. नियमाचे मूल्यांकन, अलर्टमॅनेजर, मधले नेटवर्क, यांतले नेमके काय तुटले हे त्या मौनातून कळत नाही. काहीतरी तुटले एवढेच कळते. किती मिनिटांचे मौन नसणे मानायचे, हा आकडा त्या बाहेरच्या सेवेत आधी भरून ठेवावा लागतो.