धाक कुणाला बसतो?

८ जुलै १७४१. न्यू इंग्लंडमधलं एनफिल्ड. आसपासच्या गावांत धर्मजागृतीची लाट उसळली होती, एनफिल्डकर मात्र थंड होते. त्यांच्यापुढे नॉर्दॅम्प्टनचे पाळक जोनाथन एडवर्ड्स उपदेशाला उभे राहिले. हे काही गर्जना करणारे वक्ते नव्हेत. टिपणं समोर ठेवायची आणि संथ आवाजात बोलत जायचं, अशी त्यांची रीत. त्या दिवशीचं वचन होतं अनुवाद ३२:३५, दुष्टांचा पाय घसरण्याचं. विस्तवावर कोळी धरावा तसा पापी माणूस नरकावर लोंबकळतो आहे, तो अजून खाली पडलेला नाही तो निव्वळ देवाच्या मर्जीमुळे, असं एडवर्ड्स सांगत राहिले. हळूहळू मंडळीत हुंदके सुरू झाले, मग किंकाळ्या. वाचण्यासाठी काय करू, असं लोक ओरडून विचारू लागले. गलका एवढा वाढला की एडवर्ड्सना थांबावं लागलं. हजर असलेले पाळक स्टीफन विल्यम्स यांनी हे सारं रोजनिशीत टिपून ठेवलं आहे.

गंमत अशी, की हाच उपदेश एडवर्ड्सनी आधी स्वतःच्या मंडळीपुढेही केला होता आणि तिथे असा काही कल्लोळ झाल्याची नोंद नाही.

अमेरिकी पाठ्यपुस्तकांनी एडवर्ड्सना या एकाच उपदेशात कोंडून टाकलं, हा त्यांच्यावर अन्यायच. तीन वर्षं आधी, १७३८ मध्ये, त्यांनी ख्रिस्ती प्रीतीवर उपदेशमाला केली होती आणि तिच्या शेवटी स्वर्ग म्हणजे निव्वळ प्रीतीचं जग, असं चित्र रंगवलं होतं. भीतीने तारण होतं, असं ते कधीच म्हणाले नाहीत. झोपलेल्याला आधी हलवून जागं करावं लागतं, एवढाच त्यांचा दावा होता. दयेचं दार उघडं आहे, हे एनफिल्डच्या उपदेशातही शेवटी येतंच.

पण हलवल्यावर जागा कोण होतो? याचं उत्तर त्यांना सहा वर्षांपूर्वी घरातच मिळालं होतं. जोसेफ हॉली हे नॉर्दॅम्प्टनमधले प्रतिष्ठित व्यापारी, एडवर्ड्सच्या मावशीचे यजमान. बुद्धीने तल्लख, वागण्यात चोख. १७३५ साली गावात शेकडो लोक पालटत होते, आणि हॉलींना मात्र आपल्या आत्म्याचं काही खरं नाही या चिंतेने ग्रासलं. झोप उडाली. घराण्यात विषण्णतेचा आजार होताच. १ जूनला, रविवारी सकाळी, त्यांनी जीव दिला. पुढची हकिगत एडवर्ड्सनीच लिहिली आहे: या आणि शेजारच्या गावांतल्या कितीतरी जणांना, कधी विषण्णता न शिवलेल्यांनाही, तूही तसंच कर असं कुणीतरी कानाशी सांगत असल्याचा भास होऊ लागला. जागृतीचा भर ओसरला. एडवर्ड्सना यात सैतानाचा हात दिसला. आपल्या उपदेशाचाही वाटा असेल, ही शंका त्यांच्या लिखाणात डोकावत नाही. ती वाचणाऱ्यालाच येते. निर्ढावलेले लोक उपदेश ऐकून घरी जाऊन जेवले असतील. लागला तो ज्याचं मन मुळातच हळवं होतं त्याला.

फ्रान्समधल्या तेरेझ मार्तँची कथा याच जातीची, फक्त शेवट वेगळा. ती १८८८ मध्ये, पंधराव्या वर्षी, लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली. त्याआधीच बारीकसारीक दोषांनाही पाप समजून कुढण्याच्या दुखण्याने तिला छळलं होतं, आणि रिट्रीटमध्ये पापाविषयी जे कानावर पडे त्याने त्यात भरच पडे. १८९१ च्या ऑक्टोबरात फादर आलेक्सी प्रू रिट्रीट द्यायला आले. कारखान्यातल्या कामगारांत रमणारे हे फ्रान्सिस्कन. मठातल्या जोगिणींना त्यांचा काय उपयोग, असंच मत होतं. त्यांनी तेरेझला सांगितलं, तुझ्या उणिवांनी देव दुखावत नाही. असं तिला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. पुढे, पापी लोकांची शिक्षा आपल्यावर यावी म्हणून जोगिणी देवाच्या न्यायाला स्वतःला अर्पण करत त्या काळात, तिने ९ जून १८९५ रोजी स्वतःला त्याच्या दयाळू प्रीतीला वाहिलं. १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला चर्चच्या आचार्यांच्या पंक्तीत बसवलं.

पंडिता रमाबाईंनाही ओढून नेलं ते दयेनेच. लंडनच्या फुलहॅम भागात जोगिणी ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना सांभाळताना त्यांनी पाहिल्या आणि हे का करता, असं विचारलं. उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. आपण वाढलो त्या शास्त्रांत अशा स्त्रीच्या वाट्याला शिक्षाच होती, असं रमाबाईंनी नंतर लिहिलं.

एवढ्यावरून धाकाला मोडीत काढता येईल का? तसं करण्याआधी एक पावती पाहायला हवी. १७३१ च्या जूनमध्ये एडवर्ड्सनी ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्टमध्ये व्हीनस नावाची एक काळी मुलगी विकत घेतली. वय सुमारे चौदा, किंमत ऐंशी पौंड. ही पावती आजही जपलेली आहे. नरकाचं इतकं बारकाईने वर्णन करणाऱ्या माणसाला या व्यवहारात त्याची धग लागली नाही. आणि व्हीनसच्या बाजूने पाहिलं तर, कोपणारा देव ही कल्पना तितकीशी क्रूर राहत नाही. ज्याची दाद कुठल्याच कचेरीत लागत नाही त्याने हिशेब घेणारा कुणी तरी वर आहे असं मानलं, तर त्याला भित्रा कसं म्हणायचं? दयेवर लिहिणारे बरेच जण इथे गप्प बसतात.

१८२९ साली बॉस्टनमधल्या डेव्हिड वॉकर या स्वतंत्र काळ्या माणसाने हाच धागा उचलला. जुन्या कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या वॉकरने स्वतःच्या खर्चाने एक पुस्तिका छापली आणि गुलाम बाळगणाऱ्या ख्रिस्ती अमेरिकेला बजावलं, पश्चात्ताप करा, नाहीतर देवाचा न्याय तुमच्यावर कोसळेल. खलाशांच्या हाती लपूनछपून ती दक्षिणेत पोचली. तिथल्या मळेवाल्यांनी नरकावरचे उपदेश आयुष्यभर ऐकले होते, पण या वेळी ते खरोखर हादरले. जॉर्जियाच्या विधिमंडळाने घाईघाईने असलं साहित्य वाटणाऱ्याला देहदंडाचा कायदा केला.