पुन्हां उठणारा राक्षस

राक्षसाचा वध झाला, कीं लोकांचें संकट टळतें, हें आपण कोणीं न सांगतांच गृहीत धरितों. महाभारतांतील एकचक्रा नगरीची कथा सर्वांस ठाऊक आहे. बकासुरास गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक मनुष्य पाळीपाळीनें द्यावा लागे. ज्या घरावर पाळी येई त्या घरांत आकांत उडे. भीमानें बकासुरास मारिलें आणि तो गाडा कायमचा बंद झाला. भीमाच्या पराक्रमाची थोरवी आपण सामान्यतः त्या बंद झालेल्या गाड्यावरूनच मोजतों.

आतां अशी एक नगरी कल्पावी, कीं जेथें मारलेला बकासुर घटकाभरानें त्याच झाडाखालीं पुन्हां उभा राहतो. गाडा उद्यांही जावयाचाच असतो, आणि एक भीम परतला न परतला तोंच दुसरा भीम त्याच ब्राह्मणाची तीच करुण कहाणी ऐकत त्याच दारांत उभा असतो. अशा नगऱ्या आज खरोखरीच वसलेल्या आहेत. इंटरनेटच्या द्वारें दूरदूरच्या देशांतील सहस्रावधि माणसें एकाच कल्पित जगांत वावरून जे अद्भुतरम्य खेळ खेळतात, त्यांची ही रीत आहे. १९९७ सालीं 'अल्टिमा ऑनलाइन', १९९९ सालीं 'एव्हरक्वेस्ट' आणि २००४ सालीं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हे खेळ निघाले. खेळाडूनें योद्धा, मांत्रिक किंवा वैद्य असें एखादें रूप घ्यावें, गांवकऱ्यानें त्यास अमुक इतके लांडगे मारावयास सांगावें, ते मारल्यावर त्यास थोडें द्रव्य व थोडें बळ मिळावें, आणि त्याची पाठ फिरतांच लांडगे पुन्हां रानांत दिसावे, असा हा क्रम आहे. ज्या कृत्यानें जगांत कांहींच पालटत नाहीं, त्या कृत्यास बरें किंवा वाईट म्हणतां येईल काय, असा प्रश्न येथें उभा राहतो. आपलें मूल रात्रीं उशिरापर्यंत असल्या लढाईंत गढलेलें पाहून आईबापांच्या मनांत जी अस्वस्थता उत्पन्न होते, तिच्या मुळाशीं हाच प्रश्न आहे, असें आम्हांस वाटतें.

त्याचीं दोन उत्तरें नेहमीं ऐकूं येतात. पहिलें असें, कीं जेथें कोणी मरतच नाहीं तेथें पापपुण्याची भाषा व्यर्थ होय. बुद्धिबळांतील प्यादें मारल्याबद्दल कोणी प्रायश्चित्त घेत नाहीं. दुसरें असें, कीं प्रहार खोटा असला तरी प्रहार करणारें मन खरें असतें, आणि दिवसांतून शंभर वेळां मारण्याची संवय लागलेलें मन हळूहळू निबर होतें. हीं उत्तरें परस्परविरुद्ध दिसलीं, तरी दोहोंची नजर मरणाऱ्या राक्षसावरच खिळलेली आहे. आमच्या मतें या प्रश्नाचा उलगडा राक्षसाकडे पाहून व्हावयाचा नाहीं.

राक्षस पुन्हां कां उठतो, हें प्रथम पाहिलें पाहिजे. 'अल्टिमा ऑनलाइन'च्या कर्त्यांचा मूळ संकल्प निराळा होता. आपल्या जगांत लांडग्यांनीं सशांवर जगावें आणि भक्ष्य आटलें म्हणजे भुकेल्या श्वापदांनीं दुसरीकडे वळावें, अशी जीवसृष्टीची सांखळी त्यांनीं योजिली होती. परंतु खेळाडूंनीं त्या सृष्टींत पाऊल ठेवितांच दिसेल तें इतक्या झपाट्यानें मारिलें, कीं सांखळीस आपलें काम करण्यास अवकाशच मिळाला नाहीं. अखेर कर्त्यांनीं ती योजना काढून टाकिली. रक्तबीजाच्या थेंबाथेंबांतून नवा दैत्य उपजे, तें देवांवरचें संकट होतें. येथें तीच युक्ति खेळाडूंच्या हांवेवर तोडगा म्हणून योजावी लागली.

मनुष्याच्या मनास मात्र हा तोडगा पुरता मानवलेला दिसत नाहीं. 'एव्हरक्वेस्ट'मध्यें केराफिर्म नांवाचा एक निद्रिस्त ड्रॅगन होता. त्याचे चार रक्षक पडले म्हणजे तो जागा होई, आणि तेंही एकदांच; त्यास कोणासही मारतां येऊं नये अशीच त्याची घडण होती. नोव्हेंबर २००३ मध्यें, एरव्हीं परस्परांशीं स्पर्धा करणाऱ्या तीन मोठ्या मंडळांचे मिळून सुमारें २०० खेळाडू एकत्र आले. पहिल्या खेपेस ड्रॅगन हरूं लागतांच खेळ चालविणाऱ्यांनीं त्यास मध्येंच नाहींसा केला. खेळाडूंनीं ओरड केली, तेव्हां त्यांस दुसरी संधि द्यावी लागली. पडलेल्यांस पुनःपुन्हां उठवीत, कित्येक तास झुंजून, त्यांनीं त्यास पाडिलें. त्याच्यापाशीं लुटीची एकही वस्तु निघाली नाहीं. तरीही तो लढा त्या खेळाच्या इतिहासांत अद्याप सांगितला जातो. वैरी एका रांगेंत उभे राहिले, हीच त्या दिवसाची मिळकत होय.

या लढायांची घडण जवळून पाहिली म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. मोठा राक्षस एकट्याच्यानें मरत नाहीं. एकानें पुढें होऊन त्याचा सारा राग आपल्या अंगावर ओढून घ्यावयाचा. त्यास 'टँक' म्हणतात. दुसऱ्यानें त्याच्या जखमा भरीत राहावयाचें, तो 'हीलर'. उरलेल्यांनीं प्रहार करावयाचा, पण राक्षस टँकला सोडून आपल्यावर उलटेल इतका नव्हे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या आरंभींच्या मोठ्या स्वाऱ्यांत अशीं ४० माणसें लागत; एकाच्या उतावळेपणानें चाळिसांची संध्याकाळ फुकट जाई. शिवाय राक्षस पडल्यावर निघणाऱ्या वस्तू अगदीं थोड्या. त्या कोणीं घ्याव्या? कोणी फांसे टाकीत. कोणी प्रत्येकाच्या हजेरीचा जमाखर्च ठेवीत, व असल्या हिशेबास 'एव्हरक्वेस्ट'च्या खेळाडूंत 'ड्रॅगन किल पॉइंट्स' असें नांव पडलें. आणि एखादा सर्वांची नजर चुकवून वस्तु उचलून पसार होई. राक्षस खोटा आणि तलवारही खोटी. परंतु फसविला गेलेला सोबती खरा, आणि त्यास दिलेला शब्दही खरा.

सप्टेंबर २००५ मध्यें याच खेळांत एक विलक्षण प्रकार घडला. हक्कार नांवाच्या राक्षसाशीं लढतांना बाधणारा एक रक्तदोष खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर बाहेर पडला आणि गजबजलेल्या नगरांत साथीसारखा पसरला. नवशिके क्षणांत मरत. रस्ते सांगाड्यांनीं भरून गेले. तलवारीनें मारावा असा शत्रु समोर नव्हता. त्या वेळीं कांहीं हीलर आपण होऊन मदतीस धांवले, कांहीं खेळाडू नगर सोडून पळाले, आणि कांहींनीं बुद्ध्या रोग अंगावर घेऊन गर्दींत नेला. पुढें २००७ सालीं 'द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस' या वैद्यकीय नियतकालिकांत या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेलेले सर्व पुन्हां उठले. तथापि धांवून जाणारा आणि रोग नेणारा यांतील भेद त्यामुळें पुसला जात नाहीं.

येथें कोणी शंका काढील, कीं आपसांतील इमान दरोडेखोरांतही असतें. तेवढ्यानें दरोडा सत्कृत्य ठरत नाहीं. शंका रास्त आहे. परंतु दरोड्यांत लुटला जाणारा मनुष्य खरा असतो आणि दुःख भोगतो. लांडग्याच्या चित्रास दुःख नाहीं. खरा धोका असा, कीं समोर येणारें सर्व कांहीं आपल्या लाभासाठींच उभें केलें आहे असें ज्यास दिसूं लागतें, तो समोरच्या माणसाकडेही त्याच नजरेनें पाहूं लागतो. 'अल्टिमा ऑनलाइन'च्या आरंभींच्या काळांत बलिष्ठ खेळाडू नवख्यांस गांठून मारीत व लुटीत. लोक इतके त्रासले, कीं २००० सालीं कर्त्यांनीं त्या जगाची दुसरी प्रत काढली आणि तींत संमतीवांचून माणसानें माणसास मारणें बंद केलें. लांडग्यांसाठीं असें अभयारण्य कोणी मागितलें नाहीं, आणि तें योग्यच झालें. लांडगा पुन्हां उठला कीं झालें गेलें संपतें. नवखा पुन्हां उठतो, पण अपमान बरोबर घेऊन उठतो.

सबब, राक्षस मारण्यांत पाप नाहीं आणि पुण्यही नाहीं. त्या जगांत खरें कोण व खोटें कोण हें ओळखणें, आणि जे खरे त्यांच्याशीं नीट वागणें, यांतच काय तें पापपुण्य आहे. जागरणाचा हिशेब निराळा. तो आईबापांनीं अवश्य घ्यावा. परंतु आज किती राक्षस मारले, असें विचारून मुलांस हंसूं नये कीं रागावूं नये. बरोबर कोण होतें, मार कोणीं सोसला, मिळालें तें कसें वांटलें, आणि हरल्यावर दोष कोणास दिला, हें विचारावें.

बकासुराचा गाडा बंद झाला, हें एकचक्रेचें भाग्य. परंतु पाळी त्या ब्राह्मणाच्या घरची होती. कुंतीनें आपल्या मुलांपैकीं एक पुढें केला, आणि भीम दुसऱ्याच्या पाळीचा गाडा घेऊन निघाला. बकासुर दुसऱ्या दिवशीं पुन्हां उठला असता, तरी एवढी गोष्ट झालेली ती झालेलीच राहिली असती.