सामाईक वतन

डोंबिवलीत, जिथे बैठ्या घरांचे परस एकामागून एक इमारतींच्या पायाखाली गेले, तिथे ज्याच्या वाट्याला अद्याप दोन वाफ्यांपुरती माती उरली आहे त्याने तीत काय पेरावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हौसेचा वाटतो. परंतु गावठी मका लावू लागल्यापासून मला तो वारशाचा, आणि म्हणूनच कर्तव्याचा, प्रश्न वाटू लागला आहे.

पहिल्या वर्षी मी कुंपणालगत एका ओळीत बारा ताटे लावली. ती पुरुषभर वाढली, त्यांना तुरे आले. पण कणसे सोलून पाहतो तो निम्मी बोळकी. दोष मातीचा नव्हता. कणसाचा प्रत्येक केस एकेका दाण्याशी जोडलेला असतो, आणि तुऱ्यातील पराग वाऱ्यावरून येऊन त्या केसावर पडेल तेव्हाच तो दाणा भरतो. ओळ एकच असली की बहुतेक पराग वाऱ्याबरोबर वायाच जातो. पुढे तीच बारा झाडे चौकोनी वाफ्यात, चार-चारांच्या तीन ओळींत लावली, आणि पावसाच्या झोडीत पराग धुऊन जाऊ नये म्हणून पेरणी दिवाळीनंतर केली, तेव्हा कणसे भरली. तोडताक्षणी निखाऱ्यावर भाजलेल्या त्या दुधाळ दाण्यांची गोडी बाजारात मिळत नाही. कारण कणीस खुडल्यापासूनच त्यातील साखरेचे पिष्ट होऊ लागते.

कल्याण-ठाण्याच्या स्थानकांबाहेर विकला जाणारा पिवळा गोड मका बहुधा संकरित बियाण्याचा असतो. त्याचे दाणे पेरून पुढच्या वर्षी तेच गुण येत नाहीत, म्हणून दरसाल नवे पाकीट घ्यावे लागते. अमेरिकेत 1902 साली बाजारात आलेला ‘गोल्डन बॅंटम’ हा गोड मका मात्र घरच्या बियाण्यावर आजही टिकून आहे, आणि आपला गावठी मकाही तसाच टिकू शकतो. पण एका अटीवर. वाल बऱ्याच अंशी स्वपरागित असल्यामुळे एकच घर त्याचे वाण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकते. मक्याचे तसे नाही. मोजक्या झाडांचे बी पुनःपुन्हा धरले तर वंश क्षीण होत जातो; निदान शंभर झाडांचे बी एकत्र करावे, आणि शेजारी दुसरे वाण त्याच वेळी तुऱ्यावर नसावे.

सातबाऱ्यावर वारसांची नावे चढतात, मग वाटण्या होतात, आणि जमीन तुकड्यातुकड्यांनी का होईना, उरते. बियाण्याचे हे वतन मात्र वाटून घेतले तर बुडते आणि मिसळले तरच चालते. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 ची पद्मश्री जाहीर झाली ती देशी वाणांच्या ज्या जतनासाठी, त्याचे मर्मही बी इतरांच्या हाती पेरायला देण्यातच आहे.

मका मूळचा मेक्सिकोचा. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी माणसाळलेला. आवरणात घट्ट गुंडाळलेले त्याचे दाणे आपोआप विखुरत नाहीत, म्हणून माणसाने पेरल्याखेरीज त्याचा वंश चालत नाही. असे परदेशी, परावलंबी धान्य आपल्याकडे ‘गावठी’ म्हणवू लागले, ते अनेक हातांनी ते एकमेकांना दिले म्हणूनच.

यंदा आमच्या आळीतल्या आठ घरांनी एकच वाण पेरले आहे. कणसे वाळली की सर्वांचे बी एका डब्यात ओतायचे, ढवळायचे आणि मग पुन्हा ओंजळ ओंजळ वाटून घ्यायचे, असे ठरले आहे; त्या ओंजळीतले माझे दाणे कोणते, हे मला ओळखू येणार नाही, आणि येऊही नये.