ऐकणाऱ्याचे देणे

गेल्या डिसेंबरात मुंबईस जाण्याचा योग आला. काम शाळेचेच होते आणि ते दुपारी आटोपले. परतीच्या गाडीचे आरक्षण दुसऱ्या दिवशीचे होते, म्हणून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. हा मुलगा बोदवडचाच. त्याच्या वडिलांचा गावात बँड होता. आठवीत असल्यापासून हाही लग्नसराईत तांबडा कोट चढवून वडिलांच्या मागे ट्रम्पेट वाजवीत चाले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला मागच्या बाकावर डुलक्या घेई. पुढे तो मुंबईस गेला आणि तेथे वाजवतो, एवढेच कानावर होते. "सर, आज रात्री लोअर परळला आहे मी. याच तुम्ही. दारात माझं नाव सांगा," तो म्हणाला.

मी गेलो. एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात ती जागा होती. आमच्या खानदेशातल्या जिनिंग-प्रेसिंगमधून बांधलेल्या रुईच्या गाठी ज्या गिरण्यांना जात, त्यांपैकीच ही एक असावी, असे मला उगाच वाटून गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर या गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या चालल्या नाहीत. २००७ साली मथुरादास मिलच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' नावाचे गाण्याबजावण्याचे आणि खाण्यापिण्याचे ठिकाण निघाले. ते २०१६ साली मिटले, पण तोवर पायंडा पडून गेला होता. मास्तराने बारमध्ये पाऊल टाकावे की नाही, हा प्रश्न मी दारातच सोडवला आणि आत जाऊन एक लिंबू-सोडा मागवला. त्याची किंमत बोदवडला सांगितली तर लोक मला सोड्याऐवजी दुसरेच काही प्यालो असे समजतील.

एका कोपऱ्यात हातभर उंचीचा चौथरा होता. त्यावर चौघे जण: पियानोवर एक वयस्क गृहस्थ, माणसाहून उंच असा डबल बेस छातीशी धरलेला एक तरुण, ड्रमवाला, आणि ट्रम्पेट घेतलेला आमचा विद्यार्थी. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आवाज बंद करून क्रिकेटचा सामना चालू होता. शेजारच्या टेबलावर कोणाच्या तरी बढतीचा केक कापला जात होता. वाजवणे फारच सुंदर असावे. 'असावे' म्हणतो, कारण माझा कान त्या संगीतावर पोसलेला नाही. पण खरे आणि खोटे यांतला फरक सवय नसलेल्या कानालाही थोडा कळतो. एका वळणावर बाकीचे तिघे हळू झाले, पोराने डोळे मिटले आणि एक लांब, चढत जाणारी ओळ वाजवली. ती संपली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मला भरून आले. मग पाहिले तर पडद्यावर कोणाची तरी विकेट गेली होती. पोराच्याही ते ध्यानात आले असले पाहिजे. त्याने हसून टाळ्यांना मान लववली.

त्या क्षणी मला राग आला. तो कोणावर, हे मात्र नीट सांगता येईना. आलेल्या मंडळींनी दाराशी पैसे मोजले होते. ती गप्पा मारायला आली होती. गाणे तिने मागितले नव्हते, ते दिव्यांसारखे त्या जागेबरोबर मिळाले होते. पैसे देऊन न ऐकण्याचा हक्क विकत घेता येतो की नाही? माझ्या वर्गात साठ मुले आहेत. ती सगळी ऐकत नाहीत, म्हणून मी त्यांना अपराधी मानतो. मग इथले लोक अपराधी का नाहीत? आणि नसतील, तर मी वर्गात पट्टी कशाला आपटतो?

कीर्तनात बुवांकडे पाठ करून बसणारा माणूस आमच्याकडे कोणी खपवून घेणार नाही. बैठकीच्या गाण्यातही दाद हा गाण्याचाच एक भाग मानला आहे. समेवर ऐकणाऱ्याची मान हलली नाही तर गवय्याला अडखळल्यासारखे होते. परंतु या दाखल्याच्या जोरावर मुंबईच्या बारला नावे ठेवणे सोपे आणि थोडे लबाडीचे आहे. दरबारात गाणाऱ्यापुढे राजाही अनेकदा जेवतच असे, आणि पोटासाठी वाजवणाऱ्याला ऐकणारे निवडण्याची मुभा कधीच नव्हती.

मुंबईतली ही गोष्ट कालपरवाची नाही. ताजमहाल हॉटेल १९०३ साली उघडले. १९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकन व्हायोलिनवादक कृष्णवर्णीय वादकांचा ताफा घेऊन तेथे आला. मागून टेडी वेदरफर्ड हा पियानोवाला आला. तो पुढे कलकत्त्यास १९४५ साली वारला. त्यांच्या स्वतःच्या देशात अशा वादकांना कित्येक हॉटेलांच्या पुढल्या दाराने शिरता येत नसे. येथे ते साहेबलोकांच्या आणि संस्थानिकांच्या जेवणापुढे वाजवू लागले. त्यांच्या संगतीत गोव्याचे वादक तयार झाले. चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलिपी शिकल्यामुळे त्यांचा पाया पक्का होता. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ त्यांपैकीच. 'चिक चॉकलेट' या नावाने ते ट्रम्पेट वाजवीत आणि लोक त्यांना इकडचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

मग १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला. पेले आटले, तशी वादकांची मिळकतही आटली, आणि त्यांतले पुष्कळ जण सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. १९५१ च्या 'अलबेला'चे संगीत आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे. त्यात चिक चॉकलेट आणि त्यांची मंडळी पडद्यावरही दिसतात. म्हणजे ताजमधला जॅझ असा हळूच तंबूतल्या सिनेमातून खेड्यापाड्यांत उतरला आणि तेथून लग्नाच्या बँडात शिरला. आमच्या गल्लीतल्या वरातीत वाजणारे सूर कोठून कोठवर फिरून आले आहेत, हे वरातीत नाचणाऱ्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही.

पण एक गोष्ट मला नेहमी टोचते. 'अमर अकबर अँथनी' १९७७ साली आला, तेव्हापासून अँथनी गोन्साल्विस हे नाव पोराटोरांच्या तोंडी आहे. ते एका खऱ्या माणसाचे नाव होते: गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. शिष्याने गुरूचे ऋण असे फेडले. पण सारा देश ते नाव गाऊ लागला, तरी तो माणूस कोण हे क्वचितच कोणी विचारले. लोकांच्या कानावर पडणे आणि लोकांनी ऐकणे यांत केवढे अंतर पडू शकते, याचा याहून मोठा दाखला मला सापडलेला नाही.

मध्यरात्री वाजवणे आटोपले. आम्ही रस्त्यावर येऊन सायकलवाल्याकडचा चहा घेतला. मी माझा राग बोलून दाखवला. पोर शांत होते. त्याने मोबाईल काढून मला एक ध्वनिमुद्रण ऐकवले. बिल एव्हान्स नावाचा पियानोवादक आणि त्याचे दोन साथीदार न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड' या तळघरातल्या क्लबात २५ जून १९६१ रोजी वाजवीत होते, त्याचे ते मुद्रण. नीट कान दिला तर मागे पेल्यांचा किणकिणाट आणि लोकांची कुजबुज ऐकू येते. बेसवर स्कॉट लाफारो नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण होता. पुढच्या दोन आठवड्यांतच तो मोटार-अपघातात गेला. "सर, ह्या बोलणाऱ्या लोकांना काय माहीत, की आपण काय ऐकतोय," पोर म्हणाले. "पण बघा, ते बोलत होते म्हणून ह्यांनी कमी वाजवलं नाही."

मग त्याने दुसरी गोष्ट सांगितली. चार्ल्स मिंगस हा बेसवादक लोकांच्या गलबल्याने इतका चिडे की, वाजवणे थांबवून तो त्यांची हजेरी घेई. १९६० साली त्याने स्टुडिओत एक तबकडी केली. समोर एकही श्रोता नव्हता. तरी सुरुवातीस त्याने जणू क्लबातच उभे असल्यासारखे बजावले, की टाळ्या वाजवू नका, पेल्यातला बर्फ वाजवू नका, गल्ल्याची घंटा वाजू देऊ नका. मला हसू आले आणि लगेच ओशाळल्यासारखेही झाले, कारण रिकाम्या वर्गातही पट्टी आपटणाऱ्या जातीचा मी आहे.

"मग तुला वाईट वाटत नाही?" मी विचारले.

"आम्ही चौघं एकमेकांना ऐकतो, सर. तेवढं पुरतं."

हे त्याचे बोलणे मी पुष्कळ घोळवले. त्यांच्या वाजवण्याची रीत अशी की, चाल आणि तिच्या मात्रांचे आवर्तन ठरलेले, आत काय भरायचे ते मात्र त्या त्या क्षणी सुचेल तसे. आपल्याकडे ठेका धरून गवई जसा बढत करतो, तसेच काहीसे. एकाने वाक्य टाकले की, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचे. न ऐकता हे चालणारच नाही. तेव्हा त्या खोलीत ऐकणे मुळीच नव्हते, असे नाही. ते चौथऱ्यावर होते. तथापि मला हे पुरते पटत नाही. चौघांनी एकमेकांसाठीच वाजवायचे, तर ते घरी वाजवतील. रात्री अकराला लोअर परळ कशाला? ट्रम्पेटचे तोंड बाहेरच्या बाजूलाच असते. मी कादंबऱ्या लिहितो. त्या वाचनालयांच्या कपाटांत बंद असतात, त्यांतल्या काहींची पाने अजून कापायची आहेत. मीही 'मला लिहिताना आनंद होतो' असे म्हणतो. ते खोटे नाही, पण पोटातले सारे त्यात येत नाही. मग पोराच्या पोटातले काय असेल, ते मी कशाला ठरवावे? एका रात्रीचे किती मिळतात, ते त्याने सांगितले. आकडा इथे देत नाही. केक कापणाऱ्या त्या एका टेबलाचे बिल त्याहून मोठे असेल.

निघताना तो म्हणाला, "शेवटी वाजवलं ते ओळखलंत का, सर? तुमच्या ताईंच्या लग्नात मारुतीपुढे बाबांनी वाजवलं होतं ना, तेच. बाबांनी स्वतः बसवलेलं. मी फक्त थोडं मोडून घेतलंय."

माझ्या बहिणीचे लग्न २०१४ च्या मे महिन्यात झाले. गोरज मुहूर्त होता. बँड मलकापूरकडचे दुसरे लग्न उरकून आला, म्हणून पाऊण तास उशीर झाला. चाळीस-बेचाळीस अंशांच्या झळांत ती माणसे मारुतीपासून मांडवापर्यंत वाजवीत आली. त्यांची पंगत सर्वांत शेवटी बसली. तोवर बट्ट्या निवून कडक झाल्या होत्या आणि वांग्याच्या घोटलेल्या भाजीचे पातेले तळाला लागले होते. हिशेब माझ्याकडे होता. उशिराबद्दल मी पाचशे रुपये कापले. बँडमास्तर काही बोलले नाहीत, नोटा मोजून खिशात घातल्या. त्यांनी मारुतीपुढे काय वाजवले, हे मला त्या दिवशीही कोणी विचारते तर सांगता आले नसते. मी मंडपवाल्याशी बोलत होतो. ते गृहस्थ आता नाहीत. पाचशे रुपयांची गोष्ट पोराला ठाऊक आहे की नाही, हे मला कळलेले नाही.

"हो, ओळखलं," मी म्हणालो.

त्याला फार बरे वाटले. तो माझ्या पाया पडला. एवढ्या वर्षांत खोटे बोलल्याबद्दल किती मुलांना मी वर्गाबाहेर उभे केले आहे, याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

तेव्हापासून मनात येते, की जो वाजवतो त्याचे आपल्याकडे काही देणे लागते, आणि ते पैशाने चुकते होत नाही. पण मग कशाने चुकते होते? लक्ष ही मागून मिळणारी वस्तू नव्हे आणि ती हुकमाने देताही येत नाही. ठरवून ऐकायला बसलो की, ऐकणाऱ्याचे लक्ष बहुधा स्वतःच्या ऐकण्याकडेच असते. त्या रात्री मी तसाच बसलो होतो. सभोवारच्यांवर रागावण्याच्या भरात शेवटचा तुकडा, जो माझ्यासाठी होता, तोच माझ्या कानावरून गेला. केक कापणाऱ्यांहून मी अधिक काय ऐकले?

यंदाच्या मे महिन्यात आमच्या गल्लीत एक लग्न होते. बँड बाहेरगावचा, पुढे गाडीवर भोंगे आणि कीबोर्ड, मागे दोन ट्रम्पेटवाले. मी ओट्यावरून उतरून त्यांतल्या वयस्क वादकाच्या बाजूने चालू लागलो. त्याचे ओठ फुटलेले होते. दर थोड्या वेळाने तो जिभेने ते ओले करी आणि पुन्हा तोंडाला लावी. मी नुसता ऐकत होतो. चारदोन घरे मागे पडली तसा तो माझ्याकडे संशयाने पाहू लागला. गाणे संपल्यावर त्याने विचारले, "साहेब, काही फर्माईश आहे का?"

"नाही, चालू द्या. छान वाजवता," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली, आणि पुढे जी पोरे दहा-दहाच्या नोटा ओवाळीत नाचत होती, त्यांच्याकडे ट्रम्पेट वळवले.