सोफ्याची दोन वयं

सोफा बघायला गेलं की आपण आधी त्यावर बसतो आणि मऊपणावर कौल देतो. पण मऊपणा हा सोफ्यातला सर्वांत अल्पायुषी गुण. रोजच्या वापरात फोम काही वर्षांत दबतो, कापड त्याहीआधी विटतं. खालचा सांगाडा चांगल्या लाकडाचा असेल तर मात्र दोन पिढ्या काढतो. एका सोफ्यात अशा दोन वयांच्या दोन वस्तू असतात.

पूर्ण मढवलेल्या सोफ्यात त्या एकमेकींना पिनांनी जखडलेल्या असतात. आतलं लाकूड कसलं होतं, हे बहुधा कापड उसवल्यावरच कळतं. लाकडी चौकटीच्या सोफ्यात टिकणारं उघडं असतं आणि झिजणारं वर नुसतं ठेवलेलं. निवडीचे सगळे निकष यातूनच निघतात.

टिकणाऱ्या भागाकडे टिकाऊपणाच मागावा. सागवानात अंगचं तेल असतं, म्हणून त्याला वाळवी सहसा लागत नाही. पण हा गुण आतल्या गडद गाभ्याचा. सालीलगतच्या फिकट लाकडात कीड शिरते आणि सोफ्याखाली बारीक पीठ पडू लागतं. पॉलिशखाली दोन्ही सारखीच दिसतात, तेव्हा गाद्या उचलून, वाकून, पॉलिश न लागलेली खालची बाजू बघावी. शिसवाचा गाभाही असाच टिकाऊ. आंब्याचं लाकूड स्वस्त, पण प्रक्रिया केलेलं नसेल तर किडीला लवकर बळी पडतं.

लाकूड कोणतंही असो, पावसाळ्यात ते रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. लांबीत जवळजवळ हलत नाही. चौकटीच्या सांध्यात एकाची रुंदी दुसऱ्याच्या लांबीला भिडते, त्यामुळे वर्षभराची ओढाताण सांध्यावरच येते. नुसता खिळ्यांचा सांधा तिने ढिला पडतो. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवलेली असेल तर तग धरतो. दुकानात पुढचा एक पाय वीतभर उचलून बघावा. दुसरा पाय लगेच उचलला गेला नाही, किंवा चौकट करकरली, तर सांधे कच्चे समजावेत.

झिजणाऱ्या भागाकडे एकच मागणं: तो सहज बदलता यावा. सरळ चौकोनी सुट्या गाद्या, चेनचे अभ्रे, बैठकीला ४० डेन्सिटीचा फोम. पाठीला ३२चाही चालतो. चौकटीला चिकटवलेली गादी घेतली की दोन्ही वयं पुन्हा एकत्र बांधली जातात. बैठकीची उंची आणि खोली ही चौकटीची मापं, नंतर सहजी न बदलणारी. ती घरातल्या सर्वांत थकलेल्या गुडघ्यांना विचारून ठरवावीत. रंग पुढच्या दिवाळीलाही बदलता येतो.

अर्थात, दर दोन वर्षांनी भाड्याचं घर बदलणाऱ्याला सागवानाचं दीर्घायुष्य जिन्यावर हमालीच्या रूपाने फेडावं लागतं. त्याने हलकी चौकट घ्यावी. टिकाऊपणाचे पैसे मोजायचे ते जिथे आपण स्वतः टिकणार आहोत तिथे.