न बोलणाऱ्याशी बोलणे

मुरुडच्या खाडीपलीकडे एकदरा म्हणून कोळी लोकांचे गाव आहे. गेल्या नारळी पौर्णिमेनंतर काही कामानिमित्त आमचे तिकडे जाणे झाले, तेव्हा एका अंगणात एक बाई जवळा निवडीत बसलेली आढळली. शेजारी झोळीत चार-पाच महिन्यांचे मूल होते. बाईचे हात कामात होते, परंतु तोंड मुलाकडे होते. आज होडी उशिरा लागली, भाव पडला, तुझा बाप अजून जाळेच धूत बसला आहे, असा सर्व वृत्तान्त ती त्यास सांगत होती. व मध्येच थांबत होती. मुलाने "अं" केले की ती म्हणे, "व्हय ना?" आणि पुढे चालू. आमच्याबरोबर एक शिकलेले गृहस्थ होते. ते हसून म्हणाले, "काय बाई, त्याला काही कळते तरी का?" बाईने मान वर न करताच उत्तर दिले, "कलत नाय म्हनून बोलाचा नाय, त त्याला कलाचा कवा?"

गृहस्थ निरुत्तर झाले; आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही झालो. कारण त्या गृहस्थांचा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असतो. ज्यास कळत नाही, ज्यास उत्तर देता येत नाही, त्याच्याशी बोलणे हा भाबडेपणा आहे, की ते आपले त्याला देणे आहे? मूल भूक लागली म्हणजे रडते, वेळ आली म्हणजे चालते. तसेच वेळ आली म्हणजे बोलेल, मग आपण का शिणावे, असे कित्येक आईबापांस वाटते.

परंतु बोलणे हे दातांसारखे आपोआप येत नाही. अकबर बादशहाने ह्याची परीक्षा करण्याकरिता काही नवजात बालके एका वाड्यात ठेवून, त्यांच्यापुढे कोणी एक शब्दही उच्चारू नये असा बंदोबस्त केला होता. मनुष्याची मूळ भाषा कोणती हे त्यास पाहावयाचे होते. १५८२ साली तो स्वतः तेथे गेला, तेव्हा त्या मुलांच्या मुखातून कोणतीच भाषा निघाली नाही. अन्नवस्त्राची वाण नसताही ती मुकी राहिली. प्रश्न मोठा पंडिती होता, पण उत्तराची किंमत त्या लेकरांनी भरली, आणि आम्हांस त्या बादशहाचा अद्यापि राग येतो. भाषा ही प्रत्येकास दुसऱ्याकडूनच मिळते. जो आज व्याख्याने देतो त्यालाही ती कोणीतरी, तो काहीच परत देऊ शकत नव्हता तेव्हा, फुकट दिली होती.

आणि हे देणे आपण समजतो त्याहून फार लवकर सुरू होते. मूल उदरात असतानाच आईचा आवाज ऐकते, व जन्मल्यावर तो ओळखते. १९८४ साली कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस ह्या विद्वानांनी एक मौजेची गोष्ट दाखवून दिली. आपल्या 'त' आणि 'ट' ह्यांतील भेद इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांस सहसा ऐकूही येत नाही. जुन्या मिशनरी साहेबांचे मराठी ज्यांनी ऐकले असेल त्यांस हे सांगणे नको. परंतु त्याच लोकांच्या सहा ते आठ महिन्यांच्या मुलांस तो भेद स्पष्ट ऐकू येतो! वर्षाच्या आत-बाहेर मात्र ती शक्ती त्या मुलांतून बहुतेक जाते, आणि हिंदी घरांतील मुलांत टिकते. म्हणजे ज्या महिन्यांत आपण म्हणतो की ह्याला काही कळत नाही, त्याच महिन्यांत ते मूल कोणत्या लोकांत आपणांस राहावयाचे आहे हे कानांनी ठरवीत असते.

मग कोणी म्हणेल, आवाजच पाहिजे ना, तो मोबाइलमधून मिळतो. ह्याचीही परीक्षा झाली आहे. २००३ साली अमेरिकेत पॅट्रिशिया कूल व त्यांचे सहकारी ह्यांनी नऊ महिन्यांच्या मुलांस चिनी भाषा ऐकविली. ज्यांच्यासमोर चिनी बोलणारे मनुष्य बसून खेळले, ती मुले त्या भाषेचे ध्वनी शिकली. ज्यांस तीच माणसे तेच बोलताना पडद्यावर दाखविली, ती काही शिकली नाहीत. पडदा मुलाच्या "अं"ला "व्हय ना?" म्हणत नाही, हेच त्याचे कारण असावे असे आम्हांस वाटते. एकदऱ्याच्या त्या बाईच्या बोलण्यापेक्षा तिचे थांबणे आम्हांस अधिक मोलाचे दिसते. मुलाने केलेला आवाज हे बोलणे आहे असे ती धरून चालली होती, म्हणून ते पुढे बोलणे होणार होते.

आपल्या सुशिक्षित घरांत मात्र निराळाच दोष दिसतो, आणि तो आम्ही परक्याच्या घरी शोधावयास नको. आमच्या मुलीची आजी तिच्याशी मम्मम, भूर, हम्मा, जोजो असे बोले. आम्ही नवे पाळक. घरात शुद्ध भाषा असावी असा आमचा आग्रह. पुढे मुलगी तीन वर्षांची झाली व अंगणातून धावत येऊन "पानी सांडला" म्हणून सांगू लागली, की आम्ही म्हणत असू, "पाणी सांडले, म्हण." ती तसे म्हणे, आणि काय सांगावयास आली होती ते विसरून परत जाई. काही महिन्यांनी आमच्या ध्यानात आले की ती सर्व वर्तमान आजीस सांगते. आम्हांस सांगत नाही. आमच्यापाशी शुद्धता राहिली आणि मुलीचे बोलणे आजीकडे गेले. व्याकरण शाळेत शिकता येते. आपले कोणी ऐकते हा भरवसा मात्र घरीच मिळावा लागतो, आणि तो ज्या बोलीत मिळतो ती बोली 'ळ'च्या जागी 'ल' म्हणते की काय, ह्याने काही बिघडत नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा मुले शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज गावोगाव जे अंगणवाडी हे नाव आपण घेतो त्याचे मूळ तेथे आहे. मुलाच्या अंगणात जाणे म्हणजे त्याच्या बोलीतही जाणे होय.

आता जी गोष्ट सांगावयाची ती सांगण्यास आमचे मन कचरते. आमच्या मंडळीतील एका उपदेशकाचा मुलगा दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. शेजारणींनी वेखंड उगाळून चाटविले, पोपटाचे उष्टे डाळिंब चारले. (पोपट स्वतः बोलतो तो कोणी त्याच्याशी रोज बोलते म्हणून, हे कोणाच्या लक्षात येत नाही. आणि वर्षाच्या आतील मुलास मध चाटवू नये असे डॉक्टर निक्षून सांगतात, तेही येथेच सांगून ठेवतो.) मुलाची आई आमच्याकडे येऊन म्हणाली, "पाळकसाहेब, मला वाटतं ह्याला ऐकूच येत नाही." आम्ही थाळी आणवून मुलाच्या पाठीमागे वाजविली. मुलाने वळून पाहिले. आम्ही म्हणालो, "बाई, धीर धरा. काही मुले उशिरा बोलतात." ती धीर धरून दोन वर्षे राहिली.

मुलाने थाळी ऐकली नव्हती. जमिनीची कंपने त्यास पायांखाली कळली असतील, अथवा आमची सावली हलली असेल. चौथ्या वर्षी मुंबईस, वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत यंत्राने तपासणी झाली, तेव्हा तो जन्मापासूनच जवळजवळ बहिरा असल्याचे निघाले. जी वर्षे भाषेची असतात ती आम्ही धीराच्या नावाने घालविली. आई आम्हांस एक शब्दही बोलली नाही. धीर आणि हयगय ह्यांचा चेहरा एकच असतो, हे आम्हांस सेमिनरीत कोणी शिकविले नव्हते; परंतु मार्काच्या सातव्या अध्यायातील त्या बहिऱ्या-तोतऱ्या माणसाची गोष्ट तर आम्ही कितीदा सांगितली होती! येशूने त्यास गर्दीतून एकीकडे नेले, आणि जिभेस हात लावण्यापूर्वी कानांत बोटे घातली. आम्ही जिभेचीच वाट पाहत बसलो.

म्हणून जे ठाऊक झाले ते स्पष्ट लिहितो. मूल वर्षाचे होऊनही बा-बा, मा-मा असे बरळत नसेल, बोटाने दाखवीत नसेल, हाकेस वळत नसेल. अथवा दोन वर्षांचे होऊनही "आई ये", "दूध दे" असे दोन शब्द जोडीत नसेल. तर थाळी वाजवू नये, कानांची तपासणी करवावी. नुकत्याच जन्मलेल्या मुलाचेही कान ते निजले असता यंत्राने तपासता येतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी करतात. आपल्या अंगणवाडीच्या ताईंस विचारावे. आईस शंका आली असेल तर तिचे ऐकावे, मग पाळक काहीही म्हणो.

तो मुलगा आता बहिऱ्या मुलांच्या शाळेत जातो. कानास यंत्र आहे, थोडे शब्द येतात. परंतु त्याची खरी भाषा हातांची आहे, व त्याची आई ती त्याच्याबरोबर शिकली आहे. मागल्या महिन्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्याने आम्हांस पाहून हनुवटीखाली बोटे फिरविली आणि आईकडे पाहिले. आम्ही विचारले, हे काय? ती म्हणाली, "तुमची दाढी. ते तुमचं नाव आहे, साहेब. त्यानंच ठेवलं." आम्ही तीच खूण करून पाहिली. मुलगा हसला, व आमचे बोट चुकले होते ते त्याने आपल्या हाताने नीट केले.