अनामिक कर्त्याचे ऋण

एखाद्या वस्तूचा कर्ता ठाऊक नसताना तिला कोणा कर्त्याचे नाव लावण्याचा अधिकार आपणांस आहे काय? प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक भासेल. परंतु त्याच्या पोटी न्यायान्यायाचा विचार दडलेला आहे, आणि तो उकलण्यास एक साधे उदाहरण पुरे होईल, असे आम्हांस वाटते.

यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडे, झरी जामणी हा तालुका आहे. काळी जमीन, कापसाची शेते आणि अधूनमधून कोलामांचे पोड, असा हा मुलूख. तेथील एखाद्या घराच्या पडवीत, मोठ्या माणसाने बसावयाची जुनी तीनचाकी सायकल पडून आहे, अशी वाचकांनी कल्पना करावी. पुढचा बिल्ला गळून गेलेला, रंग उडालेला, सांगाड्यावरचा क्रमांक गंजाने खाल्लेला. पायांनी अधू असलेल्या आजोबांची ती गाडी. नातू ती आता एखाद्या संग्रहालयास देऊ इच्छितो, आणि पहिलाच प्रश्न उभा राहतो : ही घडण कोणाची?

जाणकार मनुष्य प्रथम नटांचे आटे मोजील. इंग्लंडात १९०२ साली सायकलींच्या आट्यांचे प्रमाण ठरविण्यात आले व त्यांतील बहुतेक आटे इंचास २६ असे धरले गेले. पण मद्रास, सोनिपत व लुधियाना येथे १९४९ ते १९५६ या काळात निघालेल्या मोठ्या कारखान्यांनीही इंग्लिश सायकलींचाच कित्ता गिरविला. तेव्हा आटे देश सांगत नाहीत. मग तो मागचा आस पाहील. कव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७७ साली आपल्या तीनचाकीस अशी दातेरी योजना बसविली की, वळणावर दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने फिरावीत. ती योजना येथे नाही. साखळी एकाच चाकास ओढते. परंतु असा स्वस्त उपाय कोणत्याही देशातील कोणीही कारागीर करील. सांगाड्याचे काही सांधे पितळेने जोडलेले, तर काही विजेच्या वेल्डिंगने सांधलेले. तुंब्यावर साल कोरलेले असले, तरी तुंबाच मागाहून बदलला नसेल कशावरून? तात्पर्य, पुरावा पुष्कळ आहे. तो निर्णयाच्या उंबरठ्यापर्यंत नेतो आणि तेथे थांबतो.

मोह येथेच उत्पन्न होतो. व्हिक्टोरिया राणीने १८८१ साली स्टार्लीच्या तीनचाक्या घेतल्या आणि त्या नमुन्यास 'रॉयल' हे बिरूद चिकटले. नावाचा असा महिमा असल्यावर 'जुनी विलायती गाडी' एवढे तीन शब्द चिठ्ठीवर लिहिण्यास कितीसा वेळ लागतो? गाडीची किंमत वाढते, घराण्याची प्रतिष्ठा वाढते, आणि वरवर पाहता कोणाचे काही बिघडत नाही.

आमच्या मते मात्र बिघडते. महाराष्ट्रात चुन्यावाचून रचलेले जुने दगडी देऊळ दिसले की, लोक त्यास सरसकट 'हेमाडपंती' म्हणतात. हेमाद्री हा तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री. उलट, अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, हेमाद्रीच्या पूर्वी सुमारे दोनशे वर्षे ते देऊळ उभे होते! त्याची शोभा या नावाने उणी झाली नाही, हे खरे. पण ज्या पाथरवटांनी तो दगड कोरला, त्यांची जागा एका मंत्र्याने व्यापली. ती जागा रिकामी असती, तर कोणी तरी विचारले असते : 'हे कोणी केले?' खोटे उत्तर पुढील सर्व प्रश्नांचे तोंड बंद करते.

आता तीनचाकीकडे पुन्हा पाहावे. काळ्या मातीच्या चिखलात अरुंद चाक रुतते, म्हणून कोणी जाड टायर बसविले असेल. पेडले काढून, हातांनी फिरविता येईल असा दांडा छातीच्या उंचीवर आणला असेल. कानपूर येथे १९७२ साली कृत्रिम अवयवांचे सरकारी निगम स्थापन झाले व हाताने चालणाऱ्या तीनचाक्या अपंगांस मिळू लागल्या. त्याच्या आधी एखाद्या गावच्या लोहाराने आपल्या अधू शेजाऱ्यासाठी, दोन मोडक्या सायकलींतून ही गाडी घडविली असेल, तर त्याच्या हातून घडलेले बहुधा हेच सर्वांत करुणामय काम. 'विलायती' या शब्दाच्या चिठ्ठीने ते काम आपण एका दूरच्या कारखान्यास देऊन टाकतो. चोरीत निदान चोरास लाभ होतो. येथे त्या कारखान्यासही काही मिळत नाही, आणि लोहार मात्र नागवला जातो.

यावर कोणी म्हणेल, 'नावावाचून वस्तूची कदर होत नाही. अंदाजी नावाने ती भंगारात जाण्यापासून वाचत असेल, तर वाचू द्या.' हा आक्षेप पोकळ नव्हे. परंतु अंदाज हा अंदाज म्हणून लिहिण्यास कोणाची हरकत आहे? सांधे कसे, आटे किती, दांडा कोठे, गाडी कोणासाठी व किती वर्षे चालली, हे सारे लिहावे; आणि 'कर्ता' या शब्दापुढची जागा कोरी ठेवावी. आपल्याकडील बहुतेक कारागिरांनी कामावर नाव कोरले नाही. तो त्यांचा विनय असेल, वा तसे करण्याची त्यांस मुभाच नसेल. कसेही असो, त्या मौनाचा फायदा घेऊन तेथे दुसऱ्याचे नाव घालण्याचा अधिकार आपणांस पोचत नाही. कोरी जागा म्हणजे अज्ञानाची लाज नव्हे. ज्याचे ऋण फेडावयाचे राहिले आहे, त्याच्यासाठी राखून ठेवलेले ते आसन होय.